पुराणिक काकू आणि सहा आकडे

पुराणिक काकूंच्या घरात ओळख पटवल्याशिवाय कोणालाही प्रवेश नाही. माधव नगरात आमचा अठरा वर्षांचा शेजार, तरी मी वाटीभर कढी घेऊन गेले की जाळीच्या दारामागून आवाज येतो, "कोण?"

"मंजिरी, काकू."

"आईचं माहेर?"

"धार."

"मागच्या खेपेस काय आणलं होतंस?"

"साबुदाण्याची खिचडी."

"मीठ कमी होतं," असं म्हणत काकू कडी काढतात.

काकू गणिताच्या शिक्षिका. लग्न केलं नाही, नोकरी संपल्यापासून एकट्याच. 'बँक से बोल रहा हूँ' म्हणणाऱ्या एकाला त्यांनी फोनवर सतराचा पाढा म्हणायला लावला होता. तो 'सत्रह छक्के'वर अडखळला आणि त्याने फोन ठेवला. "खरा असता तर पुढे म्हटला असता," काकूंचा निष्कर्ष. कॉलनीतल्या आम्हा बायकांनाही त्यांनी पढवून ठेवलं होतं. फोटो कोणीही लावतं, नाव कोणीही लिहितं, विचारल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

अशा काकू मागच्या हिवाळ्यात फसल्या.

फोनवर एक गोड आवाज आला, "मिस, पहचाना? आपने मुझे मैथ्स पढ़ाया था."

कित्येक वर्षांत त्यांना कोणी 'मिस' म्हटलं नव्हतं. जुन्या मुलींचा ग्रुप करतोय, तुम्हाला एक नंबर येईल तो सांगा, असं ती म्हणाली. काकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. सहाच्या सहा आकडे सांगून टाकले.

तासाभरात काकूंचं फेसबुक खातं दुसऱ्याच्या हातात गेलं आणि त्यांच्या नावाने सगळीकडे निरोप सुटला, "दवाखान्यात आहे. तातडीने पैसे पाठवा. फोन करू नका." आम्ही पढवलेल्या बायका, आम्ही लगेच फोन केले. काकू प्रत्येकीला एकच उत्तर देत होत्या, "घरी आहे. ठीक आहे. मूर्ख आहे."

एकाने मात्र फोन केला नाही. ग्वाल्हेरचा त्यांचा धाकटा भाऊ अरविंद. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघांचं वाजलं होतं. नऊ वर्षं बोलणं नव्हतं; फेसबुकच्या यादीत तेवढा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात असताना एक साठीचे गृहस्थ पिशवी घेऊन फाटकातून आले. चेहरा ओढलेला. देवास गेटजवळच्या दोन दवाखान्यांत बहिणीची चौकशी करून आले होते. त्यांनी काकूंची कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? आईचं माहेर?"

गृहस्थांनी पिशवी पायाशी ठेवली. मग, "महू. ताई, तुझ्या आईचंही तेच."

दार उघडलं. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "फोन करून विचारायचं तरी."

"उचलला असतास?"

काकूंनी त्यांची पिशवी उचलली. "चहा टाकते," त्या म्हणाल्या.

"बिनसाखरेचा."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

काकू स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. मग डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

दोन दिवस खटपट करून मी त्यांचं खातं परत मिळवलं. अरविंदराव टावर चौकात पोहे आणायला गेले होते. काकू शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "त्या चोराने माझ्या नावाने काय काय लिहिलंय, वाच."

मी वाचत गेले. भावाला चोराने लिहिलं होतं, "येऊ नकोस, फक्त पैसे पाठव." त्यावर अरविंदरावांचं उत्तर होतं, "पैशाचं नंतर बघू. ताई, घाबरू नकोस, मी गाडीत बसलोय. रक्त लागलं तर दुसऱ्या कोणाचं घेऊ नकोस. आपला गट एकच आहे."

काकूंनी ते उत्तर मला पुन्हा वाचायला लावलं.

"सगळं पुसून टाकू?" मी विचारलं.

"चोराचं पूस. त्याचं राहू दे." मग त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "आणि मंजिरी, ही अक्षरं मोठी करता येतात का गं? मला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत."