नीतीच्या परीक्षेला चिरोट्यांचा डबा

नीती शिकायला फी भरावी लागते, हे ऐकून तुळजाक्कांना इतकं हसू आलं, की तोंडातलं पान बाहेर पडता पडता राहिलं.

"फी? अगं, माझ्याजवळ बसली असतीस तर फुकटात शिकवली असती! शहाजीराजांच्या मागोमाग या बेंगळुरूत आलेली माणसं आम्ही. येताना दुसरं काही आणलं नसेल, पण नीती गोण्या भरभरून आणली!"

तुळजाक्कांची शाळा दुसरीत सुटली होती. म्हणजे शाळेनंच तुळजाक्कांना सोडलं, असं त्या सांगत. पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नव्हतं. जे. पी. नगरातल्या त्या घरात दुधाचा रतीब किती घ्यायचा इथपासून मुलानं नोकरी कधी सोडायची इथपर्यंत सगळे ठराव त्या एकमताने मंजूर करत. ते एक मत त्यांचंच असे.

त्यांची नात संहिता कोरमंगलात एका गुंतवणुकीच्या कंपनीत लागली होती. लोकांचे पैसे कसे सांभाळायचे, कुठले नियम पाळायचे, कुणाकडून काय घ्यायचं नाही, याची एक मोठी परीक्षा होती. ती पास झाली तरच नोकरी पक्की. संहिता एकदा नापास झाली होती आणि ही शेवटची संधी होती. त्यामुळे पोर खाता-पिता मोठमोठ्यानं वाचत असायची, आणि तुळजाक्का कोथिंबीर निवडता निवडता उत्तरं देत असायच्या.

"अज्जी, ऐक. एका सल्लागाराला आतली बातमी कळली, की एक कंपनी दुसरीला विकत घेणार आहे. त्यानं ती मेव्हण्याला सांगावी का?"

"मुळीच नाही!"

"शाब्बास!"

"मेव्हण्याच्या पोटात काही टिकत नाही. सख्ख्या भावाला सांगावी."

संहितानं कपाळावर हात मारला. "बरं, हे सांग. ग्राहकानं दिवाळीला सोन्याचं नाणं दिलं. काय करावं?"

"दाताखाली धरून बघावं."

"अज्जी! आता शेवटचं. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय?"

"म्हणजे तुझ्या आजोबांची बहीण! माझ्या लेकीचं लग्न तिनंच जमवलं, दागिने तिनंच निवडले, आणि दागिन्यांचं दुकान तिच्या दिराचं!"

संहिता पुस्तकात बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे मात्र अगदी बरोबर आहे गं."

झालं! त्या क्षणापासून तुळजाक्कांनी संहितेची परीक्षा स्वतःच्या अंगावर घेतली. शेजारणीला त्यांनी सांगूनही टाकलं, "आमची संहिता पास झाल्यातच जमा आहे. शिकवतंय कोण, ते बघा की!"

परीक्षा घरबसल्याच होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. परीक्षेच्या दिवशी तुळजाक्कांनी नातीच्या हातावर दही-साखर ठेवली, तिच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसल्या. सून क्षमा तिच्या बँकेत गेली होती. मुलगा वादिराज, वय साठ, निवृत्त, आईसमोर अजूनही बनियनवर न येणारा, चपला हातात घेऊन घरात फिरत होता.

"काळजी करू नकोस," तुळजाक्का म्हणाल्या. "मी इथं असताना माशीसुद्धा आत जाणार नाही."

माशी गेली नाही. पण थोड्या वेळानं आतून पुरुषाचा आवाज आला, हिंदीत!

"थोडं डावीकडे वळा. हं. आता चेहरा सरळ ठेवा."

तुळजाक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. बंद खोलीत परका पुरुष, आणि वर पोरीला सांगतोय डावीकडे वळ! त्यांनी दार असं ढकललं, की भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना बदलला.

"कोण रे तू? कुठं लपलायस?"

"अज्जी, बाहेर जा!" संहिता किंचाळली. "ते परीक्षेचे निरीक्षक आहेत! कॅमेऱ्यातून लक्ष ठेवतात!"

लॅपटॉपमधून इंग्रजीत काहीतरी खडखडाट झाला. त्याच्या शेवटी मात्र स्पष्ट ऐकू आलं, "अरे देवा!"

तुळजाक्का थबकल्या. "मराठी आहेस होय? कुठला तू?"

"आजी, प्लीज बाहेर जा. नियम आहे."

"ते मला ठाऊक आहे. नियम माझ्याच पुढ्यात पाठ केलेत हिनं. कुठला तू, विचारलं."

"पुण्याचा. के. आर. पुरमला ऑफिस आहे आमचं. आजी, मला परीक्षा रद्द करावी लागेल हो!"

"नाव?"

"अभिराज."

"जेवलास का, अभिराज?"

"नाही हो. सकाळपासून शिफ्टच आहे. पण ते जाऊ द्या. संहिता मॅडम, ही पहिली ताकीद. पुन्हा काही गडबड झाली तर परीक्षा तिथंच संपली."

संहितेच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तुळजाक्का मुकाट्यानं बाहेर आल्या. मुकाट्यानं म्हणजे तोंड बंद होतं एवढंच. डोकं गिरणीसारखं चाललं होतं. पोरगा उपाशी! उपाशी माणूस म्हणजे तापलेला तवा, काही टाकलं तरी चरचरणार. आपल्या पोरीकडे हा दिवसभर असा उपाशी डोळ्यांनी बघत बसला, तर तिनं नाक खाजवलं तरी चोरी म्हणेल! आणि दुसरं म्हणजे, डोळ्यांनी का होईना, माणूस आपल्या घरात येऊन बसलाय. या घरातून उपाशी माणूस आजवर गेला नव्हता. तो आज लॅपटॉपमधून जाणार?

"वादिराजा! सणाचे चिरोटे डब्यात भर. वरून पिठीसाखर सढळ हातानं. आणि तुझ्या त्या मोबाइलवरून डबा नेणारा माणूस बोलाव. के. आर. पुरमला पाठवायचंय."

"आई, परीक्षकाला खाऊ पाठवायचा? तोही नीतीच्या परीक्षेच्या?"

"मग काय चोरीच्या परीक्षेच्या परीक्षकाला पाठवायचा? नीतिमान माणसाला भूक लागत नाही?"

"अगं, पण पत्ता?"

"फ्रिजवर परीक्षेचा कागद लावलाय तिनं, त्यावर बघ. एवढं छापलंय तर पत्ताही असेलच. सरी का? कळलं ना? चल, हल!"

वादिराज हलला. त्याला एकच धीर होता. जे. पी. नगरातून के. आर. पुरमला दिवसाढवळ्या वेळेत पोचलेली वस्तू त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. वाटेतल्या गर्दीत दुधाचं दही होतं. डबा पोचेपर्यंत परीक्षा संपेल, निकाल लागेल, कदाचित अभिराजची बदलीही होईल! या भरवशावर त्यानं डबा दिला. तुळजाक्कांनी डबा नेणाऱ्या माणसाला कन्नडमधून निरोप पढवला, दोनदा म्हणवून घेतला, आणि त्याच्या हातावरही एक चिरोटा ठेवला.

आणि त्या दिवशी रस्ता मोकळा होता! कसा, ते देव जाणे. कुणी तरी 'बंद' पुकारला होता म्हणे, कुणाची तरी मिरवणूक रद्द झाली म्हणे. बेंगळुरूनं वादिराजचा असा विश्वासघात यापूर्वी कधी केला नव्हता.

के. आर. पुरमच्या त्या ऑफिसात काय घडलं ते नंतर चौकशीत कळलं. अभिराजला डबा मिळाला, तेव्हा त्याला वाटलं, पुण्याहून आईनं पाठवलेला फराळ आला. भुकेल्या पोरानं तिथंच झाकण उघडलं आणि चिरोटा तोंडात टाकला. तेवढ्यात डबा आणणारा, चिरोट्याला जागणारा माणूस, भर हॉलमध्ये, सगळ्या निरीक्षकांसमोर, अभिराजच्या साहेबांच्या खुर्चीशेजारी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला,

"जे. पी. नगरच्या अज्जींनी पाठवलंय! परीक्षेला बसलेली संहिता त्यांची नात आहे. तिच्याकडे स्वल्प बघून घ्या, म्हणाल्यात!"

हॉलमधली सगळी डोकी वळली. अभिराजनं 'मी नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि पिठीसाखरेचा ढग बाहेर पडला.

इकडे जे. पी. नगरात खोलीचं दार उघडलं. संहिता उंबऱ्यात उभी होती. चेहरा चुन्यासारखा.

"अज्जी, परीक्षा थांबवली. लाच दिली म्हणून!"

"कुणी दिली लाच?" तुळजाक्का कडाडल्या. "नाव सांग त्याचं, बघते त्याच्याकडे!"

वादिराजनं चपला पायात घातल्या आणि भाजी आणायला निघून गेला. भाजी सकाळीच आणली होती.

संहिता रडली नाही. खोलीत गेली, दार लावलं आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सविस्तर कळवलं. आपल्याला काही माहीत नव्हतं, चिरोटे आजीनं पाठवले, का पाठवले तेही लिहिलं. रात्रीच्या जेवणाला तिनं हे घरात सांगितलं, तेव्हा तुळजाक्कांचा घास हातात राहिला.

"माझी तक्रार केलीस? माझी? सख्ख्या अज्जीची?"

"नियमच आहे, अज्जी. आपल्या माणसानं केलं तरी आपणहून कळवायचं."

"वा गं नियम! तुला लहानपणी लोणच्याची बरणी फोडताना मी पाहिलं होतं. मी कळवलं कुणाला?"

"तू सगळ्या गल्लीला सांगितलंस!"

हे खरं होतं, म्हणून तुळजाक्कांनी वरण वाढून घेतलं.

आठवड्याभरात चौकशी लागली. तीही लॅपटॉपवरच. संस्थेच्या नीती समितीच्या प्रमुख सुचेता मॅडम मुंबईच्या होत्या. वयस्कर बाईंना सोपं जावं म्हणून मराठीत बोलू, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. संहितानं आजीला बजावलं, "हे बघ, तू एवढंच म्हण, की घरी आलेल्याला खाऊ घालायची आमची रीत आहे. बाकी एक अक्षर नको. माझी नोकरी तुझ्या हातात आहे."

"हात्तिच्या! एवढंच ना?" तुळजाक्कांनी म्हैसूर सिल्क नेसली, मोठं कुंकू लावलं आणि कॅमेऱ्यासमोर अशा बसल्या, की जणू चौकशी समितीची होणार होती.

पडद्यावर एका चौकोनात सुचेता मॅडम, दुसऱ्यात अभिराज. पोराचा चेहरा पार सुकला होता.

"तुळजाबाई," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही निरीक्षकांना खाद्यपदार्थ का पाठवले?"

"घरी आलेल्याला खाऊ घालायची आमची रीत आहे."

संहितानं सुटकेचा श्वास सोडला.

"म्हणजे हेतू फक्त पाहुणचाराचा होता?"

आता इथं 'हो' म्हणायचं होतं. दोन वर्षांचं मूलही म्हणालं असतं. पण खोटं बोलायचं, तेही सिल्क नेसून, तेही मुंबईच्या बाईसमोर?

"फक्त कसला? काम व्हावं म्हणूनच पाठवले! एवढं साजूक तूप कुणी उगीच घालतं का, बाई? म्हटलं, पोराचं पोट भरेल, नजर जरा मऊ होईल, माझ्या नातीला उगाच छळणार नाही."

संहितानं डोळे मिटले. मॅडमनी चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही मान्य करता?"

"केलंय तर मान्य का करायचं नाही?"

"आणि हे संहिताला माहीत होतं?"

"हिला? हिला कळलं असतं तर डबा फाटकाच्या बाहेर गेला असता का? अहो, हिनं माझीच तक्रार ठोकलीय तुमच्याकडे! मी हिला न्हाऊ-माखू घातलं, आणि ही मला पकडून देते! असली नीती शिकवता तुम्ही? पोरं घरात ठेवायची सोय राहिली नाही!"

मॅडमनी खाली बघून काहीतरी लिहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मग त्या अभिराजकडे वळल्या.

"तुम्ही त्यातलं काही खाल्लं?"

"एक चिरोटा, मॅडम. कुणाचे आहेत ते कळायच्या आधी."

"एकच?" तुळजाक्कांचा आवाज चढला. "का? आवडला नाही?"

अभिराजनं मान वर केली. समोर नीती समिती, शेजारच्या चौकोनात तुळजाक्का.

"तीन," तो म्हणाला. "दोन कळल्यानंतर."

निकाल दोन दिवसांत आला. अभिराजला सक्त ताकीद, आणि नीतीचा सगळा अभ्यासक्रम त्यानं पुन्हा पहिल्यापासून करायचा. संहितेचा दोष नाही. उलट, घरच्या माणसाविरुद्ध स्वतःहून कळवल्याबद्दल तिची दखल घेतली होती, आणि आजींच्या जबाबामुळे उमेदवार अंधारात होती हे पुरेपूर सिद्ध झालं होतं. तिनं परीक्षा पुन्हा द्यावी. मात्र केंद्रावर जाऊन. आणि एकटीनं. 'एकटीनं'च्या खाली रेघ होती.

"बघितलंस?" तुळजाक्का म्हणाल्या. "कुणाच्या जबाबामुळे?"

संहिता परीक्षेला गेली आणि पास झाली. चांगली दणदणीत पास झाली! कोरमंगलातल्या कंपनीनं नोकरी पक्की केली. तुळजाक्कांनी गल्लीभर पेढे वाटले. एकेका पेढ्याबरोबर नीतीचं सगळं श्रेय कुणाकडे जातं तेही वाटलं.

आणि मग एका संध्याकाळी संहिता मोबाइल नाचवत आली. "अज्जी! संस्थेनं पुढच्या मुलांसाठी सरावाचे प्रश्न काढलेत. त्यात तू आहेस!"

घरात धावपळ उडाली. क्षमानं गॅस बंद केला, वादिराज चष्मा शोधू लागला. तुळजाक्कांनी पदर सारखा केला. दुसरीत सुटलेली बाई पुस्तकात गेली होती!

"वाच! सावकाश वाच. नाव घातलंय का?"

"नाव नाही घालत गं. ऐक. 'परीक्षा चालू असताना उमेदवाराच्या घरातील एक वृद्ध स्त्री निरीक्षकाला खाद्यपदार्थ पाठवते. निरीक्षकाने काय करावे?' पहिला पर्याय, पदार्थ परत करून वरिष्ठांना कळवावे."

"वृद्ध म्हटलं होय? जाऊ दे. पुढं?"

"दुसरा पर्याय..." संहिता अडखळली. "जाऊ दे ना, तो चुकीचाच पर्याय आहे."

"वाच म्हणते ना!"

"'वृद्ध स्त्री निरुपद्रवी असल्याने दुर्लक्ष करावे.'"

"निर... काय?"

"निरुपद्रवी. म्हणजे, जिची कुणाला भीती वाटत नाही अशी."

तुळजाक्कांच्या नाकपुड्या फुलल्या. लाच दिली म्हणाले, सोसलं. म्हातारी म्हणाले, तेही गिळलं. पण हे?

"वादिराजा!"

साठ वर्षांचा वादिराज ताडकन उभा राहिला. हातातला चष्मा खाली पडला.

"तुला माझी भीती वाटते की नाही?"

"वाटते की गं, आई!"

"मग हे आत्ताच्या आत्ता त्यांना लिहून कळव! आपल्या माणसाबद्दल आपणहून कळवायचं असतं, नियम आहे!"