आत्याबाईंनी मंजूर केलेला अर्ज

गहिनीनाथ बी.ए. झाला तेव्हा गावभर पेढे वाटले गेले. पेढे संपल्यावर त्या पदवीचं करायचं काय, ते मात्र कोणालाच सुचेना. म्हणून एकाहत्तर सालच्या हंगामात तो पाथर्डीकडचं गाव सोडून मामांच्या ऊसतोड टोळीबरोबर श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यावर आला. काकासाहेब मामा टोळीचे मुकादम. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "संक्रांतीपातुर नोकरी बघ. न्हाई गावली तर कोयता धर."

कचेरीत रोज एकच प्रश्न व्हायचा. "बी.ए. म्हणजे नेमकं काय येतं?"

"इतिहास येतो," असं गहिनीनाथ खरंखरं सांगायचा आणि परत यायचा. शेवटी शिपायाला दया आली. "शेतकी साहेबांच्या नावानं टपालानं अर्ज टाका. हातानं दिलेला अर्ज इथं कुणी वाचत नाही."

टोळीतल्या बायकांना मात्र हा बी.ए. फार उपयोगी वाटत होता. तो उसाच्या पाचटाच्या कोपीबाहेर, म्हणजे आपल्या झोपडीबाहेर, कागद घेऊन बसला की त्या घरची पत्रं सांगायला जमायच्या. त्या दुपारी त्याचा अर्ज होतोय न होतोय तोच लंकाबाई आली. तिला गावी सासूला पत्र घालायचं होतं. त्यानं ती बोलेल तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता उतरवून घेतलं. तेवढ्यात मामा ओरडले, "गाडी निघाली कारखान्यावर! टपाल द्यायचं आसंल तर दे!" घाईघाईत दोन्ही पाकिटं चिकटली आणि गेली.

आठव्या दिवशी कोप्यांपुढं जीप थांबली. शेतकी साहेब हातातला कागद वाचतच उतरले.

"'आत्याबाईंना शिरसाष्टांग नमस्कार. तुमी म्हनला, तिकडं समदी सोय हाय. या की बघायला! पान्याचा टँकर तीन दिसांनी येतो. पोरं पाचटात लोळत्यात, अक्षराचं तोंड बघत न्हाईत. घरी बसून गोड बोलायला तुमाला काय जातंय?' आता ही आत्याबाई मी का?"

लंकाबाई पदर तोंडाला लावून कोपीत पळाली. गहिनीनाथ पुढं झाला. नोकरी तर गेलीच, वर मामांची टोळीही जाणार, अशी त्याची खात्री झाली.

"पाकिटं बदलली, साहेब. हे पत्र लंकाबाईनं सांगितलं तसं मी उतरवलं. आपल्याला माझा अर्ज येणार होता."

"मग अर्ज कुठंय?"

"माझ्याकडं हाय!" मागून आवाज आला. लंकाबाईची सासू छबूबाई एस.टी.तून उतरून, डोक्यावर बोचकं घेऊन येत होती. "ह्योच का पोरगा? आमची पसंती हाय बरं!"

"कसली पसंती?" मामांनी विचारलं.

"आता कसली? पोरानं लेखी दिलंय. वय चोवीस, निर्व्यसनी, कष्टाला मागं हटनार न्हाई, पदरी घ्या, जन्मभर ऋणी राहीन. माझी लेक रंगू सातवी शिकल्याली. तिनं तीन येळा वाचून दावलं."

"आत्याबाई, वर साहेबांचं नाव होतं ना?" गहिनीनाथ कसाबसा म्हणाला.

"हुतं की. पर पाकिटावर माझं हुतं. म्हनलं, लाजला आसंल पोरगा."

गहिनीनाथचे कान लाल झाले. रंगूला त्यानं मढीच्या यात्रेत एकदाच पाहिलं होतं आणि तो ते विसरला नव्हता.

साहेबांनाही हसू आलं, मग ते गंभीर झाले. "मला चार वर्षं 'सर्व व्यवस्थित' असेच अहवाल येतात. ऐकलं तसं लिहिणारा पहिलाच भेटला. टँकरचं मी बघतो. इथल्या पोरांना शिकवशील? कारखान्याची एक शेड मोकळी आहे."

गहिनीनाथनं भोवतीच्या पोरांकडं पाहिलं. इतका आनंद त्याला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. "शिकवीन, साहेब."

"मग तो अर्ज द्या, बाई. फायलीला लागेल."

छबूबाईनं कागद कमरेच्या पिशवीत आणखी खोल सारला. "न्हाई जमायचं. आदी आमी मंजूर केलाय."

"अर्जाशिवाय नोकरी नाही."

"आन् नोकरीबगर पोरगी न्हाई!"

मामा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. गहिनीनाथ खाली बसला, नवा कागद घेतला आणि दुसरा अर्ज लिहू लागला. छबूबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती त्याच्या खांद्यावरून वाकून कागदाकडं बघत होती.

"समदं लिव्हा," ती म्हणाली. "पर जन्मभर ऋणी राहीन, तेवढं साहेबास्नी लिव्हू नका. ते आमाला लिहून दिलंय."