रसेलने लावलेले दिवे

कुठलंही गाव ओळखायला आपल्याला एक दिवस पुरतो, असं रसेल ब्रुबेकर छातीठोकपणे सांगत असे. तो ओहायोतल्या एका पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो कारखाना आता गाशा गुंडाळून आमच्या अलाबामात यायला निघाला होता आणि बरोबर यायचं की नाही, हे रसेलने सोमवारपर्यंत कळवायचं होतं. म्हणून बायको नोरीन आणि मुलगी टिली यांना गाडीत घालून तो आमचं टकर्स फेरी तपासायला आला. प्रत्येक शाळेला शंभरपैकी गुण द्यायची पद्धत त्याने स्वतःच बसवली होती. त्यात परीक्षेचे निकाल होते, मैदान होतं, मधल्या सुट्टीतलं जेवण होतं. गावाच्या संस्कृतीलाही त्याने मोठ्या मनाने दहा गुण ठेवले होते.

"आणि यात टिली कुठे बसते?" नोरीनने वाटेत विचारलं होतं.

टिली आठ वर्षांची होती आणि बोलताना अडखळायची. ओहायोतल्या शाळेत पोरं तिच्या नकला करत. तिथल्या बाई स्वभावाने चांगल्या, पण त्यांना घाई फार. टिली अडकली की तिचं वाक्य त्याच पुरं करून टाकत. गेल्या वर्षभरात तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. नोरीनला शाळेकडून एवढंच हवं होतं, की पोरीचा शब्द संपेपर्यंत कोणीतरी थांबावं. पण थांबण्याला गुण कसे द्यायचे ते रसेलला सुचेना, म्हणून त्याने तो विषयच बाजूला ठेवला होता.

घरांची दलाली करणाऱ्या लुअॅन बाई त्यांना शनिवारी गाव दाखवणार होत्या. पेट्रोल पंपापाशी थांबा, माझी पांढरी गाडी हळूहळू पुढून जाईल, तिच्या मागे या, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. थोड्या वेळाने एक पांढरी गाडी हळूहळू पुढून गेली. रसेल तिच्या मागे लागला.

त्याच्या गाडीचे दिवे लागलेले होते. रसेल भरदिवसाही दिवे लावूनच गाडी चालवतो, त्याने अपघात टळतात म्हणे. नोरीन त्याला यावरून चिडवायची. आता आरशात बघतो तर मागच्या सगळ्या गाड्यांचे दिवे लागलेले.

"बघ, इथली माणसं माझ्यासारखी आहेत," रसेल म्हणाला आणि संस्कृतीला चार गुण देऊन मोकळा झाला.

पुढे चौकात सिग्नल लाल होता, पण मोटरसायकलवरच्या एका धिप्पाड पोलिसाने आडव्या गाड्या अडवून यांना पुढे काढलं. समोरून येणारी वाहनं कडेला थांबू लागली. एका म्हाताऱ्याने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला.

"रसेल, त्या माणसाने आपल्याला बघून टोपी काढली," नोरीन म्हणाली.

"दक्षिणेकडची अदब म्हणतात ती हीच."

मग त्यालाही राहवेना. नुकताच निवडून आल्यासारखा तो डावी-उजवीकडे हात हलवू लागला. कडेला पांढरी गाडी लावून एक बाई छातीशी हात धरून उभ्या होत्या. त्यांना तर त्याने अख्खा पंजा दाखवला. बाईंनी आ वासला, तो आदराने वासला असं रसेलला वाटलं. संस्कृतीचे दहाच्या दहा गुण संपले आणि अजून अर्धा रस्ता बाकी होता.

गाड्या चर्चच्या मागच्या आवारात शिरल्या. लुअॅन बाईंनी चर्चपासून सुरुवात केलेली दिसते, असं म्हणत रसेल शर्ट नीट करून उतरला. समोर लांबलचक काळी गाडी उभी होती. तिच्यातून सहा जण एक शवपेटी उतरवत होते. आमच्याकडे अंत्ययात्रेतल्या गाड्या भरदिवसा दिवे लावून चालतात आणि वाटेतला प्रत्येक जण थांबून मान देतो.

नोरीनने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा मागे दिव्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"दिवे लावलेस," ती म्हणाली.

आता परत फिरायचं म्हटलं तर मागे गाड्यांची रांग लागलेली. तेवढ्यात काळ्या हॅटमधल्या, साठीच्या घरातल्या एक बाई त्यांच्या गाडीची नंबरप्लेट वाचत आल्या. या आमच्या मिस व्हर्डी.

"तुम्ही ओहायोची मंडळी ना?"

"हो, ओहायोचेच," रसेल म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

मिस व्हर्डींनी नोरीनला मिठीच मारली. गेलेल्या मिस ओपलच्या बहिणीकडची माणसं एवढ्या लांबून आली, तिच्या आत्म्याला किती बरं वाटेल, असं म्हणत त्यांनी तिघांना हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. रसेलने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा कोणीतरी त्याच्या हातात रुमाल ठेवला.

दफन झालं आणि सगळे चर्चच्या दालनात जेवायला गेले. आम्ही दुःखात हात आखडता घेत नाही. तळलेली कोंबडी होती, बटाट्याचं सॅलड होतं, भेंडी होती, केळ्याचं पुडिंग होतं आणि दात शिवशिवतील इतका गोड थंडगार चहा होता. नातेवाईक म्हणून रसेलच्या ताटात सगळ्यांनी स्वतःच्या हाताने वाढलं. लाजेने त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, असं तो आजही सांगतो. तिसऱ्यांदा पुडिंग कोणी घेतलं, याबद्दल मात्र तो बोलत नाही.

मग एकेक जण उठून मिस ओपलबद्दल बोलू लागला. तिने आमच्या गावाच्या तीन पिढ्यांना वाचायला शिकवलं होतं. शेवटी तो धिप्पाड पोलीस उठला. हॉइट त्याचं नाव.

"म-मला वर्गात वाचायला ला-लाज वाटायची," तो म्हणाला. "मिस ओपल म्हणायची, वाक्य तुझं आहे, तूच सं... सं..."

तो अडकला. टिलीचा काटा हातातच राहिला. पुढे काय होणार ते तिला पाठ होतं, कोणीतरी शब्द पुढे करणार, नाहीतर कोणीतरी हसणार. पण सगळं दालन नुसतं बसून राहिलं, कोणाला कुठे जायचंच नसल्यासारखं.

"...संपव. घंटेचं मी बघते," हॉइट म्हणाला आणि डोळे पुसत खाली बसला.

तेव्हा टिली उभी राहिली. वर्षभर परक्यांसमोर न बोललेली ती पोर भरल्या दालनात उभी राहिली. नोरीनचे डोळे भरून आले. पहिला शब्द ऐकून रसेलला मात्र घाम फुटला.

"आम्ही मि-मिस ओपलचे... को... को..."

दालन पुन्हा थांबलं. ज्या थांबण्यासाठी नोरीन एवढ्या लांब आली होती, ते आता रसेलच्या जिवावर उठलं होतं. त्याला वाटलं, आता कोणीतरी हे वाक्य पुरं करा, काहीही करून वेगळंच पुरं करा. तो उठू लागला तसा नोरीनने टेबलाखाली त्याच्या पायावर टाच रोवली. एकही माणूस जागचा हलला नाही.

"...कोणीच नाही. बाबा र-रस्ता चुकला."

कुठेतरी एक चमचा पडला. रसेल पुडिंगकडे बघत राहिला.

"सांगितलंस ते छान केलंस, बाळ," मिस व्हर्डी म्हणाल्या. "ओपलच्या बहिणीकडचे आजवर कधी वेळेवर आले नाहीत. मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग उठवलं का नाहीत आम्हाला?" रसेल कसाबसा म्हणाला.

"जेवत्या माणसाला कोण उठवतं, रे?"

टिली अजून उभीच होती. "आता त्यांच्या वर्गात को-कोण शिकवतं?" तिने विचारलं.

"मी. मलाही ओपलनेच शिकवलं," मिस व्हर्डी म्हणाल्या. "आणि तुझ्यासारख्या खरं बोलणाऱ्या मुलीला आमच्याकडे जागा आहे."

घरी नेण्यासाठी पुडिंगचं भांडं बांधून मिळालं. खरी ओहायोची मंडळी पोचली तेव्हा बायका ताटं धूत होत्या. संध्याकाळी लुअॅन बाईंचा फोन आला. ज्यांना पंजा दाखवला त्या त्याच होत्या. अंत्ययात्रेला हॉर्न वाजवायचा कसा, म्हणून गप्प राहिले, असं त्या संकोचून म्हणाल्या. रसेलने त्यांना घर शोधायला सांगितलं. गुणांचं काय झालं, ते नोरीनने विचारलं नाही आणि त्याबद्दल तो तिचा फार ऋणी आहे.

आता ते इथलेच झालेत. परवा टिलीला शाळेतून आणताना समोरून दिवे लावलेल्या गाड्या आल्या. रसेलने गाडी कडेला घेतली, तिघं उतरली, त्याने टोपी काढली. सगळ्यात शेवटी मिशिगनच्या नंबरप्लेटची एक गाडी आली. आतला गृहस्थ हसत हसत त्यांना हात हलवून गेला.

"बाबा, त्यांना सां-सांगायचं का?" टिलीने विचारलं.

रसेल तिचं वाक्य संपेपर्यंत थांबला.

"नको," तो म्हणाला. "जेवून येऊ देत."