लाल वर्तुळातली जागा

हिरामण नकाशेवाल्यांनी पांढुर्ण्याच्या कचेरीत पेन्सिल तासली आणि मोठी जांभई दिली. सरकारी हॉटेलसाठी जागा शोधता शोधता तीन महिन्यांत जीव अगदी मेटाकुटीला आला होता. बसमधून प्रवासी जास्त उतरतात तिथे लाल वर्तुळ, पाणी असेल तिथे दुसऱ्या कागदावर निळं. दोन्ही पातळ कागद एकावर एक ठेवायचे. वर्तुळं जुळली की तिथे हॉटेल. नकाशा मंजूर झाला, तर साहेब त्यांची सौंसरला, त्यांच्या गावी, बदली करणार होते. घरचं जेवण, बायकोच्या, सुमनच्या हातचा चहा आणि पंख्याखालचं टेबल! माणसाला आणखी काय हवं?

वर्तुळं जुळली ती मोहगावच्या अलीकडे, एका चढावर. रोज पन्नास माणसं उतरतात, शेजारी विहीर. साहेब भगवंतराव खूश झाले. "उद्याच जागा पाहू!"

पण त्या चढावर तर झोपडीसुद्धा नव्हती. हिरामणांनी बसस्टँडवर कंडक्टर सुखदेवला गाठलं. आकडे त्यानंच लिहून दिले होते.

"सुखदेवभाऊ, थे पन्नास माणसं उतरून जातात तरी कुठं?"

"जातीन कुठं? गाडी ढकलून राहिले नं! वर पोचली का बसतात परत."

"अन् थे विहीर कशाले?"

"इंजिन तापते नं बाप्पा. पाणी टाकाले लागते."

"मंग हे लिहिलं काहून नाही?"

"तुमच्या कागदावर उतरले किती, इतकंच होतं. परत बसले किती, थो रकाना कुठं होता?"

हिरामण मटकन बाकावर बसले. रकाने त्यांनीच आखले होते. गेली बदली!

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये त्यांनी दोनदा तोंड उघडलं. "साहेब, एक सांगायचं होतं..."

"आधी जागा पाहू."

आणि चढावर जीपच बंद पडली. साहेबांना स्वतः उतरून ढकलावी लागली. वर पोचल्यावर ते धापा टाकत दगडावर बसले.

"इथे चहा मिळेल?"

"नाही, साहेब."

"निदान एखादी खाट?"

"काहीच नाही, साहेब. मी तेच सांगत होतो..."

"मग हॉटेल इथेच पाहिजे! तुमचा नकाशा सोळा आणे खरा आहे."

हिरामणांना हायसं वाटलं. "मग साहेब, माझं सौंसरचं...?"

"छे! असा माणूस टेबलाशी बांधून ठेवायचा? बांधकाम होईपर्यंत तुम्ही इथेच राहा."

तेवढ्यात खालून सौंसरची बस घरघरत आली आणि थांबली. पन्नास माणसं उतरली.

"हिरामणजी," सुखदेव ओरडला, "लावा नं जरासा हात!"

हिरामणांनी खाली जाऊन बाह्या वर सारल्या. बस वर पोचली, माणसं परत बसली आणि सौंसरला निघून गेली. हिरामण तेवढे चढावरच राहिले.