वस्तऱ्याखालचा होकार

महाविद्यालयाचा अर्ज दुकानात आला, त्या वेळी अण्णांच्या हाताखाली औषधविक्रेत्याचा डावा गाल होता. उजवा गाल तुळतुळीत झाला होता, डाव्यावर फेस होता, आणि अशा अर्धवट अवस्थेत गिऱ्हाईक सोडून अण्णा सव्वीस वर्षांच्या व्यवसायात कधी जागचे हलले नव्हते. त्या दिवशी मात्र हलले. कारण अर्ज त्यांच्या एकुलत्या एक कन्येचा होता. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी टक लावून बघे म्हणून तिला ठकी म्हणू लागले, ते नाव ती कॉलेजात गेली तरी सुटले नव्हते.

"वाच," अण्णा म्हणाले. "मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे."

बाकावर चार गिऱ्हाइके बसली होती. त्यांना काय कळायचे आहे ते आधीपासून ठाऊक होते. ठकी फायनान्स शिकणार, ही वार्ता ती सहावीत असल्यापासून त्या दुकानात दर दाढीमागे एकदा सांगितली जात होती.

"मुख्य विषय निवडा," ठकीने वाचले. "एक, अकाउंटिंग. दोन, मार्केटिंग. तीन, मनुष्यबळ व्यवस्थापन. चार, पुरवठा व्यवस्थापन."

"पुढं?"

"पुढं पालकांची सही."

"आणि फायनान्स?"

"नाहीये, बाबा."

"मागच्या बाजूला बघ."

ठकीने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. शिकवणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी सोडून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही, असे तिने चौकशी करून आणले होते. पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत तिचे वडील नव्हते.

"अण्णा, फेस वाळतोय," औषधविक्रेता नम्रपणे म्हणाला.

फायनान्स म्हणजे नेमके काय, हे अण्णांना ठाऊक नव्हते, हे सत्य येथे नमूद केले पाहिजे. त्यांना ठाऊक होते ते एवढेच, की दर गुरुवारी एक निवृत्त वित्त अधिकारी दाढीला येत, आणि ते उंबऱ्यात दिसताच बाकावरचे सारे जण आपोआप उठत. "बसा साहेब, आधी तुमचं होऊ द्या." कोणी सांगत नसे, कोणी मागत नसे. अण्णांनी आयुष्यभर उभे राहून काम केले होते. त्यांच्यापुढे हजारो माणसे बसली, परंतु त्यांच्यासाठी कधी कोणी उठले नाही. त्यात कोणाचा दोष नव्हता. उभे राहणे हा त्यांचा धंदाच होता. मात्र एका गुरुवारी त्यांनी धीर करून साहेबांना विचारले, "आपण काय शिकलात?" आणि साहेब म्हणाले, "फायनान्स." तेव्हापासून त्या शब्दाने अण्णांच्या हृदयात जे घर केले, ते भाडेकरूसारखे नव्हे तर मालकासारखे.

त्या संध्याकाळी घरात चर्चा झाली. ठकीची आई म्हणाली, "दुकानात हवं ते कापड नसलं तर माणूस दुसरं घेतो. नागडा नाही परत येत."

"बाबा, मला वाटतं," ठकीने सुरुवात केली.

"तुला वाटून काय उपयोग? तू अजून शिकायची आहेस. शिकलेल्यांना विचारू."

शिकलेली माणसे अण्णांकडे आपल्या पायांनी चालत येत असत, त्यामुळे प्रश्न अवघड नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकांची मते घेण्यास प्रारंभ केला. आता अण्णांची एक रीत होती. ब्रश फिरवताना ते प्रस्तावना करीत, गालावर वस्तरा चालताना विषय मांडीत, आणि मूळ प्रश्नाला पोहोचत तेव्हा वस्तरा नेमका गळ्यावर पोहोचलेला असे. यात कसलाही डाव नव्हता. जिभेची आणि हाताची चाल इतक्या वर्षांत एकमेकींशी जुळून गेली होती, एवढेच.

"मग फायनान्स नाही तर त्याच्या शेजारचं अकाउंटिंगच बरं, नाही का?"

"हं," गिऱ्हाईक म्हणे.

प्रत्येक होकारासरशी अण्णा साबणाच्या बोटाने आरशाच्या कडेला एक रेघ ओढीत. चार दिवसांत एकतीस रेघा झाल्या. विरोधी मत एकही नव्हते. दुसऱ्या खुर्चीवर काम करणारा त्यांचा मेहुणा, म्हणजे ठकीचा मामा, त्या रेघांकडे पाहून म्हणाला, "दाजी, एवढं एकमत तर आपल्या घरात आंघोळीच्या नंबरावरही होत नाही."

"शिकलेली माणसं आहेत. उगाच वाद घालत नाहीत."

पाचव्या दिवशी खुर्चीत महाविद्यालयाचे हेडक्लार्क बसले. दिवसाआड दाढी करणारा नेमस्त गृहस्थ. त्यांना पाहताच अण्णांच्या मनात नवीच कल्पना उगवली. ब्रश झाला, दोन्ही गाल झाले, हनुवटी वर गेली.

"साहेब, तुम्ही तिथले जुने. तुम्ही मनावर घेतलंत तर फायनान्स सुरू होईल ना?"

"हं."

"याच वर्षी?"

वस्तरा कंठमण्यावर होता. "हं," हेडक्लार्क अत्यंत बारीक आवाजात म्हणाले.

अण्णांनी त्यांना तुरटी लावली, दुप्पट पावडर लावली, आणि ते बाहेर पडताच ओल्या फडक्याने एकतीसही रेघा पुसून टाकल्या. अर्ज घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला शुभवार्ता कळली, की खुद्द हेडक्लार्कसाहेबांनी शब्द दिला आहे. आणि तिच्यावर वस्तऱ्याखालून शंका घेणारा कोणीच निघाला नाही. त्यांपैकी कित्येकांची मुले त्याच महाविद्यालयात होती. अर्ज देण्याची मुदत शनिवारी दुपारपर्यंत होती. त्याआधी, बुधवारी कार्यालयाची पेटी उघडली तेव्हा तीत तेरा अर्ज असे निघाले, ज्यांत नाव होते, पत्ता होता, पालकांची सही होती, आणि विषयाची जागा कोरी होती.

इकडे हेडक्लार्क दुकानाकडे फिरकेनासे झाले.

त्यांचा शोध ठकीला लागला. ती कार्यालयात चौकशीला गेली, तेव्हा खिडकीआड दाढी वाढलेला एक मनुष्य तेरा अर्जांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन खुलासा लिहीत बसला होता. हेच ते हेडक्लार्क, हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"काका, बाबा म्हणतात तुम्ही शब्द दिलाय."

"कसला शब्द, बाई? गळ्यावर वस्तरा होता. त्या वेळी ते म्हणाले असते की सूर्य पश्चिमेला उगवतो, तरी मी हं म्हटलं असतं. मान हलवायची सोय नव्हती."

"मग वस्तरा निघाल्यावर का नाही सांगितलंत?"

हेडक्लार्कांनी लेखणी खाली ठेवली. "सांगणार होतो. पण ते तुरटी लावत होते आणि इतके खुशीत होते, की माझी जीभ रेटेना. आता प्राचार्य विचारतायत, हे तेरा लोक कशाची वाट बघतायत? काय सांगू? माझ्या दाढीची?"

ठकी परत निघाली ती विचारात पडूनच. एक मनुष्य सत्य बोलू शकला नाही, तर बाकीच्या एकतीस जणांचे काय? आणि केवळ याच प्रश्नाचे कशाला, आजवरच्या सगळ्याच प्रश्नांचे काय? दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला खुर्चीत बसण्यापूर्वी गाठू लागली.

"तिथं कशाला उभी?" अण्णांनी आतून विचारले.

"मैत्रिणीची वाट बघतेय," ठकी म्हणाली. ते खोटे होते; आणि ज्या कामासाठी ते बोलली ते काम खऱ्याचे होते, याची तिला दिवसभर टोचणी लागली.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणापूर्वी तिने वही वडिलांपुढे ठेवली.

"हे काय?"

"तुमच्या गिऱ्हाइकांची मतं. बसायच्या आधीची. अकाउंटिंग घ्यावं असं म्हणणारे सात. मार्केटिंग म्हणणारे नऊ. तिला काय हवं ते तिलाच विचारा म्हणणारे अकरा. आणि चौघं म्हणाले, आम्हाला या विषयातलं काही कळत नाही."

"कळत नाही? ती शिकलेली माणसं आहेत. मला तर हो म्हणाली."

"वस्तरा कुठं होता, बाबा?"

 अण्णांचा उजवा हात नकळत हवेत वर आला, एका अदृश्य गळ्याशी थांबला, आणि मग हळूच मांडीवर आला.

"हेडक्लार्ककाकांनी शब्द दिलेला नाही. ते घाबरून हं म्हणाले. फायनान्स होणार नाहीये."

"म्हणजे गिऱ्हाइकं माझ्याशी खोटं बोलतात."

"खोटं नाही बोलत. गप्प बसतात. तुम्हीच त्यांना तसं धरलेलं असतं." तिने पान उलटले. "अजून एक आहे. सांगू? राग येईल."

"सांग."

"पावडर. तीस जणांना तिचा वास सहन होत नाही. घरी जाऊन आधी तोंड धुतात."

"आणि एकतिसावा?"

"त्यांना वास येतच नाही. जुनी सर्दी आहे."

ठकीच्या आईने पदर तोंडाला लावला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. अण्णा मात्र हसले नाहीत. ती पावडर ते दरवर्षी आवर्जून मागवीत, आणि दरवर्षी विचारीत, "वास छान आहे ना?" सारी गल्ली आपल्या मताची आहे, या समाधानावर त्यांनी सव्वीस वर्षे सुखाने काढली होती. मनुष्याला आपल्या मताला मान हवा असतो. आपण मानच धरून ठेवली होती हे कळले, की मागच्या सगळ्या संभाषणांकडे पुन्हा बघावे लागते. त्यांनी वहीचे ते पान जवळ ओढून पुन्हा वाचले. नंतर म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

"बाबा, मला मार्केटिंग घ्यायचंय. पहिल्या दिवशीच सांगणार होते."

"उद्या बघू," एवढे बोलून ते उठले.

शनिवारी सकाळी अण्णांची स्वतःची दाढी असे. मामा करीत असे. त्या दिवशी मुदतीचा शेवट असल्यामुळे ठकी अर्ज आणि पेन घेऊन आत आली व भिंतीशी उभी राहिली. वडिलांनी अर्ज खिशातून काढून दिला होता, परंतु सही केली नव्हती. बाकावर औषधविक्रेता आणि आणखी तिघे होते.

अण्णांची मान मागे टेकली होती, आणि त्यांना समोरच्या आरशात सारा बाक दिसत होता. औषधविक्रेता ठकीकडे पाहून चटकन उठला.

"बस, ठकी. उभ्यानं कसं लिहिणार?"

"नको काका, तुमचा नंबर जाईल."

"जाऊ दे. तू विचारलंस म्हणून कळलं, मलाही काही मत आहे ते." दुसरे दोघे सरकले. अर्ज ठेवायला जागा झाली. हे सगळे आरशात घडले, कोणी सांगितल्यावाचून आणि कोणी मागितल्यावाचून. अण्णांच्या डोळ्यांत साबण गेला असावा. मामाने फडक्याने टिपला.

तेवढ्यात दारात हेडक्लार्क उभे राहिले, वाढलेल्या दाढीसह.

"अण्णा, खुशखबर आहे. त्या तेरा कोऱ्या अर्जांचं प्राचार्यांनी वर कळवलं. एवढी मागणी आहे म्हटल्यावर शिक्षक मंजूर झाले. फायनान्स याच वर्षी सुरू. अर्जावर पाचवा विषय हातानं लिहिला तरी चालेल. मुद्दाम सांगायला आलो."

 ठकीचे पेन कागदाच्या वर तसेच थांबले. तिने मान वर केली नाही, पण आरशात तिचा चेहरा अण्णांना स्पष्ट दिसत होता. सहा वर्षे उराशी बाळगलेली वस्तू दारापर्यंत चालत आली होती, आणि आता फक्त एक शब्द पुरणार होता. वस्तरा गळ्यावर होता.

"दाजी, आता तर झालंच म्हणायचं ना?" मामाने विचारले.

 अण्णांनी हात वर केला, मामाचे मनगट धरले आणि वस्तरा आपल्या गळ्यापासून दूर नेला. नंतर सरळ बसून खुर्ची बाकाकडे वळवली. अर्ध्या तोंडावर फेस होता.

"तुझं मार्केटिंग लिहून झालं का?"

"अजून नाही. बाबा, फायनान्स आहे आता."

"ऐकलं मी. ज्याला हवं तो घेईल. तू तुझं लिही. आण इकडे, सही करतो."

"खरंच?"

"बघ, मान मोकळी आहे माझी."

त्यांनी सही केली. साबणाचा एक थेंब अर्जावर पडला. हेडक्लार्क म्हणाले, चालेल. ठकी अर्ज हातात धरून, शाई वाळेपर्यंत फुंकर मारत, कार्यालयाच्या वाटेने धावत गेली.

दाढी पूर्ण झाल्यावर अण्णांनी खुर्चीत हेडक्लार्कांना बसवले. दहा दिवसांची दाढी काढायला वेळ लागला, आणि त्या वेळात अण्णा एक शब्दही बोलले नाहीत. काम संपले. त्यांनी वस्तरा पुसला, मिटला, फळीवर ठेवला, दोन पावले मागे सरकले, आणि मग डब्याकडे बोट करून विचारले, "साहेब, पावडर लावू?"

हेडक्लार्कांनी आधी फळीवरच्या वस्तऱ्याकडे पाहिले, नंतर अण्णांकडे.

"नको," ते म्हणाले.

त्या खुर्चीतून सव्वीस वर्षांत उमटलेला तो पहिला नकार. अण्णांनी मान डोलावली, डब्याचे झाकण घट्ट लावले, आणि बाकाकडे वळून म्हणाले, "कोणाला हवीये का? नीट विचार करून सांगा. मी तिकडं उभा राहतो."