साहेबांच्या पोटातली कादंबरी

कार्यालयीन संगणकांवरील समस्त खाजगी मजकूर शुक्रवारपर्यंत नष्ट करण्यात यावा, असं परिपत्रक निघालं आणि आवक-जावक कारकुनाच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच्या कॉम्प्युटरवर कादंबरी होती. जावक तुंबवून अकरा वर्षं लिहिलेली, तीनशे बारा पानांची. खलनायक हुबेहूब साहेब. घरी न्यायची सोय नव्हती. पेन ड्राइव्हवर आधीच्याच परिपत्रकानं बंदी होती.

बायको कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. ती म्हणाली, "अहो, एखाद्या फोटोत लपवा की! फोटो जड होतो, पण दिसतो तोच. फक्त कुणी तो लहान केला, तर कादंबरीचा भुगा."

कारकुनानं डोकं लढवलं. जो फोटो पुसायची कुणाची छाती होणार नाही, तोच निवडला : फीत कापताना साहेब.

तपासनीस आला. त्यानं लोकांची मुलंबाळं पुसली, कुत्री पुसली, एकाची सासूही पुसली. त्या एकानं आभार मानले. कारकुनाच्या पडद्यावर साहेब दिसताच मात्र तपासनीस उठून उभा राहिला. "ही निष्ठा वर कळवायला हवी," म्हणाला.

वर कळली. साहेब विरघळले. तोच फोटो सर्व शाखांत पडद्यांवर लावण्याचा आदेश सुटला आणि शाखाशाखांतले कॉम्प्युटर धापा टाकू लागले. संगणक विभागानं टिपणी मांडली : 'साहेबांना निम्मे करण्यास मंजुरी मिळावी.' कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं.

पण असल्या टिपणीवर सही करायला कुणी धजेना. तिच्यावर अकरा जणांनी 'पाहिले' एवढंच लिहिलं आणि शेवटी सर्व शाखांना नवे, दणकट कॉम्प्युटर देण्यात आले. कारकुनाचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्यानं युक्ती शेजारच्या टेबलाला सांगितली. आठवड्याभरात प्रत्येक पडद्यावर डझनभर साहेब झळकले. पुढच्या तपासणीचा अहवाल : खाजगी मजकूर शून्य, साहेब नऊ हजार.

मग साहेबांचं बोलावणं आलं. कादंबरी गेली, नोकरीही गेली, असं मनाशी म्हणत कारकून आत शिरला. साहेबांनी दार लावलं.

"फोटोत घातलेलं तुम्ही बाहेर काढून देता म्हणे?"

"साहेब, मी..."

"हळू बोला. आमच्या वरच्या साहेबांच्या फोटोत माझा दुसरीकडच्या नोकरीचा अर्ज अडकलाय."

हसू नका. वरिष्ठांचा एखादा फोटो तुम्हीही जपून ठेवलाच असेल. त्याच्या पोटात काय आहे, हे आम्ही विचारत नाही. आदरच असेल, असं धरून चालतो.