एकवीस लक्ष्म्या आणि बर्फ

हळदीकुंकवाला बायका चार वाजता येणार होत्या आणि तीन वाजता सुमित्राबाईंनी कौतुकाने वाडगा पुढे केला. "अदिती, तुझी वाणाची नाणी चिंचेने घासून ठेवली बघ. त्यातच माझंही घासलं."

अदिती बघतच राहिली. वाण म्हणून वाटायला तिने ऑनलाइन मागवलेली चांदीची वीस नाणी, आणि सासूबाईंनी नाशिकहून डब्लिनला देवांसोबत आणलेलं एक. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी, त्र्यंबकरावांनी, बोनसमधून घेतलेलं. सगळ्यांवर तीच कमळावरची लक्ष्मी, मागे शुद्ध चांदीचा तोच ९९९चा शिक्का. सुमित्राबाईंच्या हाताला असा गुण की चाळीस वर्षांपूर्वीचं नाणं आणि मागच्या मंगळवारी पार्सलने आलेलं नाणं, दोन्ही सारखीच लखलखत होती.

"आई, यातलं तुमचं कुठलं?"

सुमित्राबाईंनी एक उचललं, दुसरं उचललं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "घासायच्या आधी सांगता आलं असतं गं."

अदितीचा नवरा शार्दूल बेसमेंटमधून वर आला. किचनच्या काट्यावर प्रत्येक नाणं दहाच ग्रॅम भरलं. "डोन्ट वरी, आई. ऑनलाइनची चांदी काय प्युअर असणार? सगळ्यांवर बर्फ ठेवू. प्युअर चांदीवर तो भराभर वितळतो. ज्याच्यावर आधी पाणी होईल, ते तुझं."

"एवढं कशाला?" सोफ्यावरून त्र्यंबकराव घाईघाईने म्हणाले. "सगळ्या लक्ष्मीच. कुठलंही एक ठेवा."

"राहू दे रे," सुमित्राबाईही म्हणाल्या. पण प्रयोग सुचलेला इंजिनिअर आईबापाचं ऐकत नसतो. फ्रिजमधून खडखड बर्फ पडला आणि टेबलावर एकवीस लक्ष्म्या गारठल्या.

थोड्याच वेळात वीस खडे एकदमच खचले. एकविसावा मात्र ढिम्म बसून राहिला.

"घ्या! वीस प्युअर, एक बोगस," शार्दूल म्हणाला. "अदिती, सेलरने फसवलं तुला. हे फेकू, मग वीसमधलं आईचं शोधू." त्याने ते नाणं उचललं आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायाने उघडलं.

"थांब!" त्र्यंबकराव असे उठले की गुडघेदुखी खोटी वाटावी. "तेच तिचं आहे."

शार्दूलने पाय उचलला आणि डब्याचं झाकण धप्पकन मिटलं.

"त्या वर्षी बोनस निम्माच मिळाला होता. शुद्ध परवडेना. सराफ म्हणाला, भेसळीचं घ्या, शिक्का मी मारून देतो." त्यांना बायकोकडे बघवेना. "सांगायचं राहून गेलं."

सुमित्राबाईंनी मुलाच्या हातून नाणं घेतलं आणि पदराने पुसलं. "मला काय माहीत नव्हतं? पहिल्या संक्रांतीलाच तव्यासारखं काळं पडलं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"किती हौसेने आणलं होतंत तुम्ही! म्हणून तर दर सणाला तुम्ही उठायच्या आत घासत आले. आज मुलांसमोर तुमचं पितळ कशाला उघडं पाडू, म्हणून गप्प बसले."

चार वाजता बायका आल्या, वीस नाणी वाटली गेली, आणि एकविसावं देवघरात गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे अदिती चहा करायला आली, तर त्र्यंबकराव किचनमधले सगळे डबे उघडून बसले होते.

"हळू बोल, तिला जाग येईल," ते म्हणाले. "चिंच कुठे ठेवतेस गं तू?"